लालबागची पागडीची खोली, ४० मजली टॉवर की वांगणीचं घर? आम्ही काय करावं?

लालबागकर_८८

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण इथे बरेच जण यातून गेलेले असतील म्हणून सविस्तर लिहितो.

लालबागमध्ये आमची पागडीची खोली आहे, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली. पोटमाळा सोडून १६५ चौरस फूट. आजोबा राजापूरहून येऊन गिरणीत लागले तेव्हापासूनची. सध्या आई, बाबा, मी, बायको आणि पहिलीतली मुलगी असे पाच जण राहतो. चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी), 'अ' वर्गातली, म्हणजे १९४० च्या आधीची. भाडं अजून तीन आकडी. मागच्या गॅलरीला टेकू लागलेत आणि मे महिना संपत आला की सगळ्यांच्या मनात एकच विचार असतो, यंदाचा पावसाळा निघेल ना?

आता बिल्डर आलाय. शेजारची एक चाळ आणि आमची एकत्र करून भाडेकरूंसाठी ४० मजली टॉवर, आणि रस्त्याच्या बाजूला त्याहून उंच विक्रीचा टॉवर. प्रत्येक खोलीला ४०५ चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), ५ लाख कॉर्पस (देखभालीसाठी एकरकमी ठेव) आणि बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं. ५१ टक्के संमती जवळपास जमली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हापासून चाळीत दुसरा विषयच नाही.

बाबा सही करत नाहीयेत. ते ८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते, नंतर वॉचमनकी केली. गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांचा अर्ज आहे. शेलू-वांगणीला साडेनऊ लाखांत घर देणार म्हटल्यावर जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानातल्या मोर्चाला तेच बाबा गेले होते, 'मुंबईतच घर पाहिजे' म्हणत. आणि आता तेच म्हणतात की वांगणीचं घर घेऊ, नाहीतर खोली विकू, मालकाला त्याचा तिसरा हिस्सा देऊ आणि उरलेल्या पैशांत बदलापूरला दोन खोल्यांचं घर घेऊ. कारण त्यांचा एक मित्र करी रोडला असाच टॉवरमध्ये गेला आणि मेंटेनन्स झेपेना म्हणून थोड्याच वर्षांत घर विकून गावी गेला.

आईचं म्हणणं उलट. ती केईएम आणि टाटा हॉस्पिटलमध्ये आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना पोळी-भाजीचे डबे देते. ती म्हणते, वांगणीला माझ्या पोळ्या कोण खाणार?

माझा पगार हातात ४८ हजार येतो. खरा मेंटेनन्स किती येतो, ५ लाखांचा कॉर्पस पुरतो का, आणि बाबांचं ऐकावं का, हे मला जाणून घ्यायचंय. आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या लहानपणापासून आमच्या आजूबाजूला इतके टॉवर उभे राहिले. मग माझ्या पगारात घेता येईल असं एकही घर इथे का तयार झालं नाही?

---

अंधेरी_पूर्व

सही करा. पाच माणसं १६५ फुटांत आणि डोक्यावर टेकू लावलेली गॅलरी, यात विचार करण्यासारखं काय आहे? भेंडीबाजारची हुसैनी इमारत २०१७ ला पडली, ३३ माणसं गेली. २०१९ ला डोंगरीत तेच झालं. आधी जीव.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं की टॉवर 'इतके' झालेच नाहीत. सव्वा कोटीच्या आसपास लोकवस्तीच्या शहरात १९९१ च्या नियमांनी मुंबई बेटावर १.३३ आणि उपनगरात १ एवढाच एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) ठेवला. बांधूच दिलं नाही तर भाव चढणारच. बांधकाम मोकळं करा, घरं वाढतील, भाव उतरतील.

---

खजिनदार_परळ

लालबागकर, तुमचा धागा वाचला आणि रात्री हिशेबाच्या वह्या काढून बसले. मी परळला एका पुनर्वसन इमारतीत राहते. आमचीही आधी चाळच होती. इमारत २२ मजली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीची खजिनदार आहे, त्यामुळे जे लिहितेय ते वहीतलं आहे.

आधी तुमच्या बाबांविषयी. ते हट्टी नाहीत. त्यांनी मित्राच्या घरात जे पाहिलं ते खरं आहे आणि मी ते आमच्या इमारतीत अनेकदा पाहिलंय.

आमच्याकडे पहिली काही वर्षं बिल्डरने देखभाल केली. घर नवीन, लिफ्ट नवीन, खर्च दिसतच नव्हता. मग इमारत सोसायटीच्या ताब्यात आली. तीन लिफ्टचं वार्षिक कंत्राट, आगीचे पंप आणि त्यांची तपासणी, पाणी वर चढवायचे पंप, जनरेटर, जिन्यातले आणि आवारातले दिवे, तीन पाळ्यांचे वॉचमन, सफाई, टाक्या धुणं, विमा, महापालिकेचं पाण्याचं बिल. चाळीत यातलं काय होतं? एक मोटर आणि संडास धुणारा माणूस. आज आम्ही घरटी ४,२०० घेतो आणि उरलेला खड्डा कॉर्पसच्या व्याजातून भरतो. ही २२ मजल्यांची गोष्ट. ४० मजल्यांना लिफ्ट जास्त, त्या वेगाच्या लिफ्टचे सुटे भाग महाग, पाणी टप्प्याटप्प्याने चढवावं लागतं. तुमच्याकडे आजच्या दराने सहा हजारांच्या खाली भागणार नाही, असं धरून चाला.

आता ५ लाखांचा हिशेब करा. मुदत ठेवीवर पावणेसात टक्के मिळाले तर वर्षाला ३३,७५०. म्हणजे महिन्याला २,८०० रुपये. सहा हजारांतले ३,२०० पहिल्याच महिन्यापासून तुमच्या खिशातून जाणार. वॉचमनचा पगार आणि वीज दरवर्षी वाढते, ठेव तेवढीच राहते. तुमच्या पगारात आज ते बसेल. पण तुमच्या मजल्यावर जी म्हातारी एकटी राहते तिचं काय? गिरणीतून बाहेर पडलेल्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन हजार-दीड हजार येते. पेन्शनपेक्षा मेंटेनन्स मोठा.

थकबाकीची यादी दर महिन्याला मीच करते. त्या यादीत जी नावं सलग येतात, त्यातली पुष्कळ पुढे ना-हरकत दाखला मागायला येतात. कोणी नालासोपाऱ्याला गेलं, कोणी डोंबिवलीला, कोणी संगमेश्वरला मूळ गावी. लोक म्हणतात, फुकट मिळालेली घरं विकून खाल्ली. मी त्या प्रत्येकाच्या घरी बसून चहा घेतलाय. पन्नास-साठ वर्षं राहिलेली माणसं आपला वाडा, आपलं मंडळ, आपला डॉक्टर सोडून लोभाने जात नाहीत.

तरीही माझा सल्ला: खोली विकू नका. सही करा, पण आज नाही, आणि या करारावर नाही.

सभेत बिल्डरकडून चालू खर्चाचा लेखी अंदाज मागा. त्याच्या आर्किटेक्टकडे लिफ्ट, पंप, अग्निशमन सगळ्याची यादी असतेच. त्यावरून वर्षाचा खर्च काढायला सांगा आणि कॉर्पस त्या आकड्यावर ठरवा. 'बाजूच्याने ५ दिले म्हणून आम्ही ५ देतो' हा हिशेब नाही. कॉर्पसची रक्कम घरोघरी वाटायला बहुतेक सभासद उतावीळ असतात, कारण कर्ज असतं, लग्न असतं. ती वाटली की संपली. ती सोसायटीच्या नावावर, मूळ रकमेला हात लागणार नाही अशा अटीने ठेवा. देखभालीची जबाबदारी बिल्डरवर किमान दहा वर्षं टाका. आणि तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूचा एक गाळा सोसायटीच्या मालकीचा मागा. आमच्या शेजारच्या सोसायटीने हे केलं. तिथे औषधांचं दुकान आहे आणि त्या भाड्यात त्यांच्या लिफ्टचा खर्च निघतो. ठेवीचं व्याज घसरतं, गाळ्याचं भाडं महागाईबरोबर वाढतं.

सगळ्यात महत्त्वाचं, उंची कमी मागा. एका ४० मजलीऐवजी २० मजल्यांचे दोन विंग. बिल्डर नाही म्हणेल, कारण भाडेकरूंना जितक्या कमी जमिनीवर उभं करता येईल तितकी रस्त्यालगतची जागा विक्रीच्या टॉवरला मोकळी राहते. हाच वाटाघाटीचा खरा मुद्दा आहे. कार्पेट ४०५ चं ४५० करून घेण्यात सगळी ताकद घालवू नका. तसंही ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, नेमकं सांगायचं तर ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मुंबईत मालमत्ता कर माफ आहे. आमच्या भागात एका चाळीने भांडून ५२० मिळवले आणि आता दरवर्षी कराचं बिल भरतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला बरंच बोलायचंय, पण आधी इतरांचं वाचते.

---

कर्जत_लोकल

बदलापूरचा विचार करत असाल म्हणून लिहिते. मी मूळची काळाचौकीची, लग्नानंतर बदलापूरला. परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे.

घर मोठं आहे, हवा चांगली आहे, मुलांना खेळायला जागा आहे. हे खरं आहे आणि ते मला मनापासून आवडतं. पण सीएसएमटी ६८ किलोमीटर. सकाळच्या पाळीला मी साडेचारला उठते. गाडी चुकली की पुढची वीस-पंचवीस मिनिटांनी. रेल्वेने कल्याणपुढे आणखी रुळ टाकायचं काम काढलंय, पण त्याच्या दुप्पट वेगाने इमारती उभ्या राहतायत. डब्यात दरवर्षी पाय ठेवायला जागा कमी.

आणि नदी बघून घर घ्या. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. ती जागा बदलापूर आणि वांगणीच्या मध्येच. उल्हास नदी फुगली की कुठवर येते ते इथल्या जुन्या लोकांना विचारा, बुकिंग ऑफिसमधल्या पोराला नको. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर कुठून जाते ते नगरपालिकेत जाऊन पाहा.

तुमच्या आईंचं मात्र शंभर टक्के खरं. आमच्या हॉस्पिटलबाहेर डबे देणाऱ्या बायका नसत्या तर बाहेरगावहून आलेल्या नातेवाइकांनी काय खाल्लं असतं? त्या बायका वांगणीला गेल्या तर त्यांचं उत्पन्न जाईलच, शिवाय परळमधल्या पेशंटच्या घरच्यांना घरचं जेवण मिळणार नाही.

---

नळ_आणि_पाणी

मी महापालिकेत पाणी विभागात इंजिनिअर होतो. खजिनदार ताईंनी उंचीचा खर्च पैशांत सांगितला. मी तो दुसऱ्या बाजूने सांगतो.

इमारत आठ मजली असो की चाळीस, गच्ची तेवढीच असते. गच्चीवर सौर पॅनल लावले तर आठ मजल्यांच्या इमारतीत जिन्याचे दिवे, पंप, लिफ्ट यांचा चांगला भार निघतो. चाळीस मजल्यांना ती वीज चिमूटभर. पावसाचं पाणी साठवण्याचंही तेच. बिल्डर माहितीपत्रकात दोन्ही गोष्टी छापेल. किती कुटुंबांमागे किती, ते विचारा.

मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. भातसा शहापूर तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. नोकरीत असताना त्या जलवाहिनीच्या कडेने गाडीने जायचो. पाइपाच्या गळतीखाली हंडे लावून बसलेल्या बायका पाहिल्या की मान खाली जायची. शहर वाढवायचं असेल तर हे पाणी कोणाच्या वाट्याचं, हे बोलल्याशिवाय त्या वाढीला टिकाऊ म्हणता येणार नाही.

अंधेरी_पूर्व, तुम्ही म्हणता बांधकाम मोकळं करा. गिरण्यांच्या जमिनीवर ते करून झालंय. ऑफिसं आली, मॉल आले, लाखभर माणसं रोज परळ-एल्फिन्स्टनला (आताचं प्रभादेवी स्टेशन) उतरायला लागली. पादचारी पूल तोच जुना, अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ ला त्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. एफएसआय कागदावर एका सहीने वाढतो. पूल, गटार, जलवाहिनी यांना वर्षं लागतात, आणि तेवढं कोणी थांबत नाही.

लालबागकर, एक तांत्रिक सूचना. तुमचा टॉवर आणि विक्रीचा टॉवर यांत अंतर किती, ते नकाशावर पट्टी लावून मोजा. पुनर्वसन योजनांत मोकळ्या जागेत भरपूर सवलत मिळते. गोवंडी-मानखुर्दला लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम ३ मीटर जागा सोडली. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि तिथल्या क्षयरोगावर डॉक्टरांनी अभ्यास केला तेव्हा खालच्या मजल्यांवर रुग्ण जास्त आढळले. तुमच्या खोल्या कोणत्या मजल्यावर येणार हे सोडतीवर असेल, तर सगळ्यांनी पहिल्या मजल्याचा विचार करून नकाशा मंजूर करावा.

---

अंधेरी_पूर्व

पूल अरुंद होता हे महापालिका आणि रेल्वेचं अपयश, बांधकामाचं नाही. आणि घरं महाग होण्यात सरकारचा हात मोठा आहे. जादा एफएसआयसाठी भरायचं प्रीमियम, फंजिबलचं (त्यावर मिळणाऱ्या आणखी जादा क्षेत्राचं) प्रीमियम, जिना-लिफ्टचं प्रीमियम, वर मुद्रांक शुल्क. २०२१ मध्ये एका वर्षासाठी ही प्रीमियम निम्मी केली तर प्रस्तावांची रांग लागली. हे सगळं शेवटी घर घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतं.

---

खजिनदार_परळ

अंधेरी_पूर्व, प्रीमियमबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. महापालिकेला चढ्या भावातून मिळणाऱ्या पैशांची सवय लागली की भाव उतरावेत असं तिला कशाला वाटेल?

पण तीच गोष्ट आमच्या मोफत घरांनाही लागू आहे, आणि हे कोणी सभेत बोलत नाही. लालबागकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं.

तुम्हाला मिळणारं ४०५ फुटांचं घर फुकट नसतं. त्याचा पैसा बाजूच्या विक्रीच्या टॉवरमधून येतो. मुंबईच्या विकास नियमावलीतला नियम ३३(७) म्हणतो, भाडेकरूंना जेवढं बांधून द्याल त्याच्या निम्मं जास्तीचं क्षेत्र विकायला घ्या. भूखंड एकत्र केले तर साठ, सत्तर टक्के. म्हणजे एक फूट विकून बिल्डरला दीड-दोन फुटांचं बांधकाम, तुमचं दोन-तीन वर्षांचं बाहेरचं भाडं, कॉर्पस, व्याज आणि स्वतःचा नफा काढायचा असतो. तो फूट स्वस्तात विकून चालेल कसा? विक्रीचं घर चार-पाच कोटींचं झालं तरच तुमचं घर उभं राहतं. आम्हाला घर मिळण्यासाठी बाकीच्यांना घर न परवडणं, हाच या योजनेचा पाया आहे.

म्हणून बाजार मंदावला की आमची कामं थांबतात. २०१८ नंतर वित्त कंपन्यांचा पैसा आटला तेव्हा किती चाळींची माणसं भाड्याच्या घरात अडकली, आठवा. चाळ पाडलेली, नवीन इमारतीचं जोतंसुद्धा नाही आणि भाड्याचे धनादेश परत यायला लागलेले. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत तर दुसरी पिढी जन्माला आली. भाव पडले की गरिबाला घर मिळायला हवं. आपल्याकडे भाव पडले की गरिबाचं घर अडतं.

यातून बांधकाम वाढतं, माणसं नाही. जनगणना बघा. मुंबई बेटाची लोकसंख्या २००१ ला ३३ लाखांच्या वर होती, २०११ ला ३१ लाखांच्या खाली आली. गिरणगावात टॉवर उठत होते त्याच दहा वर्षांत. इथे मोठ्या घरांत थोडी माणसं आणि वसई-विरार, बदलापूर, वांगणीत छोट्या घरांत पुष्कळ माणसं. मग त्यांना रोज परत इथेच आणायला गाड्या कमी पडतात.

आणि हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात बीडीडीने, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या. खोली १६० फुटांची, सुखसोयी कमी, सगळं मान्य. पण सरकारने सरकारी जमिनीवर भाड्याने राहायची घरं बांधली आणि गिरणीचा बदली कामगारही त्यात राहू शकला. बाजूला श्रीमंताचा टॉवर उठण्याची वाट त्याला बघावी लागली नाही.

अंधेरी_पूर्व विचारतील, मग त्या चाळींची अशी अवस्था का झाली? खाजगी चाळींची गोष्ट १९४७ च्या भाडे कायद्यात आहे. भाडं १९४० च्या पातळीवर गोठवलं. मालकाला शंभर रुपये येणार आणि छपरालाच हजार लागणार, तो दुरुस्ती करेल का? १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं, तोवर वीस-बावीस वर्षांचा पाऊस भिंतींत मुरला होता. तेव्हा साडेएकोणीस हजारांच्या वर इमारती उपकरात होत्या, आजही तेरा हजारांच्या आसपास उरल्यात. भाड्याची घरं वाईट नसतात. देखभालीएवढंही भाडं न घेणं वाईट. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तसं काही पहिल्यापासून असतं तर तुमच्या गॅलरीला आज टेकू लागला नसता.

शेवटची मोठी संधी गिरण्यांची जमीन होती. सुमारे ६०० एकर, शहराच्या मध्यावर, रेल्वेच्या दोन्ही मार्गांना लागून. १९९१ च्या नियमावलीतला नियम क्रमांक ५८ म्हणत होता की एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती करून ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली, जिच्यावर शेड उभी होती ती जमीन वाटणीतून बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. तुमच्या बाबांना आज जे घर वांगणीला दाखवतायत, ते घर त्या जमिनीवर व्हायला हवं होतं. हे लिहिताना अजूनही माझा हात थरथरतो. माझे वडीलही त्याच यादीत होते. ते आता नाहीत.

अजूनही सगळं संपलेलं नाही. पोर्ट ट्रस्टची जमीन आहे, रेल्वेची आहे, सरकारी वसाहती आहेत. त्यातल्या काही जमिनीवर विक्रीचा एकही फ्लॅट न काढता, सात-आठ मजली, भाड्याने द्यायची घरं बांधता येतील. भाडं पगाराच्या चौथ्या हिश्शाएवढं, दरवर्षी थोडं वाढणारं, आणि त्यातूनच देखभाल. नर्स, बसचालक, डबेवाल्या बायका, सफाई कामगार यांच्यासाठी. कर्जत_लोकल साडेचारला उठते ते थांबवायचं असेल तर मला दुसरा मार्ग दिसत नाही.

---

अंधेरी_पूर्व

भाड्याच्या सरकारी घरांना माझा विरोध नाही, भाडं खर्चाएवढं असेल तर. पण ताई, लालबागकरांची गॅलरी धोरण बदलेपर्यंत थांबणार नाही.

---

नळ_आणि_पाणी

ते बरोबर आहे. लालबागकर, इमारत धोकादायक ठरली असेल तर म्हाडा कायद्याचं कलम ७९-अ वाचून घ्या. २०२२ च्या अखेरीस त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, त्यांनीही नाही दिला तर म्हाडा स्वतः. २०२५ मध्ये म्हाडाने काढलेल्या पुष्कळ नोटिसा उच्च न्यायालयात अडकल्या, तेव्हा त्यावरच विसंबू नका. पण बिल्डरशी बोलताना आपल्यापुढे दुसरीही वाट आहे हे माहीत असलं की माणूस सरळ बसून बोलतो.

---

लालबागकर_८८

सगळ्यांचे मनापासून आभार. खजिनदार ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पेन्शनपेक्षा मेंटेनन्स मोठा या वाक्याला त्यांनी मान हलवली. पुढचं ऐकल्यावर ते बराच वेळ गिरणीबद्दल बोलत होते. खोली विकायचा विषय तूर्त बंद झालाय. वांगणीचा अर्ज मागे घेत नाही, पण तिथे राहायला जायचं नाही, एवढं आई-बाबांचं एकमत झालं.

रविवारी चाळीची सभा आहे. चालू खर्चाचा लेखी अंदाज, सोसायटीचा गाळा आणि दोन विंग, हे मी मांडणार आहे. दुसऱ्या मजल्यावरचे दोघं-तिघं माझ्यासोबत आहेत. एक शंका राहिली. भाडेपावती बाबांच्या नावावर आहे. नवीन घराचा करार कोणाच्या नावावर करावा? आणि बिल्डर म्हणाला की 'आकडे नंतर देऊ, आधी संमती द्या', तर?

---

खजिनदार_परळ

करार आई आणि बाबा दोघांच्या नावावर करा, आणि तो नोंदणीकृतच हवा. नुसतं नॉमिनी म्हणून नाव देऊन भागत नाही, त्याने मालकी ठरत नाही. आमच्याकडे वडील गेल्यावर भावाभावांत भांडणं लागली आणि आईला स्वतःच्या घरात राहायला कोर्टाची पायरी चढावी लागली, अशी दोन घरं आहेत. तुमच्या आईंचा डब्यांचा व्यवसाय त्याच पत्त्यावर चालतो, म्हणून त्यांचं नाव आधी घातलं तरी हरकत नाही. पावतीवर आत्ताच आईंचं नाव चढवून मिळतं का ते मालकाला विचारा. तो पैसे मागेल, तर वकिलाला विचारून ठरवा.

'आकडे नंतर' म्हणाला तर संमतीही नंतर. ५१ टक्के झाले की बाकीच्यांना कोणी विचारत नाही, त्यामुळे तुमच्या सहीची किंमत त्याआधीच आहे. एकटे जाऊ नका. ज्यांनी सह्या दिल्यात त्यांच्याशी भांडू नका, त्यांनाही मेंटेनन्स भरायचाच आहे. हिशेबाचा कागद त्यांच्या हातात द्या. सभेत प्रश्न विचारल्यावर तो प्रश्न आणि बिल्डरच्या माणसाने दिलेलं उत्तर, दोन्ही इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या आणि त्याखाली त्याची सही घ्या. मी रविवारी दुपारनंतर मोकळी आहे. हिशेबाचा मसुदा हवा असेल तर मला निरोप पाठवा, आमच्या सोसायटीचे तीन वर्षांचे ताळेबंद पाठवते.